थिबा पॅलेस: दोन दुपारी आणि एक चित्र

रत्नागिरी स्टेशन गावापासून लांब आहे. बाहेर रिक्षा मिळतात, फक्त ‘थिबा पॅलेस’ म्हणायचं. ‘थिबा पॉइंट’ म्हणालात तर काजळी नदी आणि भाट्याची खाडी बघायला नेऊन सोडतील. तीही जागा बघण्यासारखी आहे, पण नंतर.

मी नोव्हेंबरात गेले ती थिबा राजाच्या या राजवाड्यावर डिजिटल चित्रमालिका करायचं ठरवूनच. पहिल्या दुपारी आवारात बसून समोरची बाजू काढली. तीन मजले, उतरती छपरं, तांबूस भिंती, अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या, सगळं जिथल्या तिथे. रात्री खोलीवर टॅबलेट उघडला तर चित्र पार फिकं पडलेलं. भर उन्हात डोळे दिपलेले असतात, स्क्रीन काळपट वाटते आणि आपण नकळत रंग उजळ करत जातो. तेव्हा रंग उन्हात ठरवूच नका. बाहेर फक्त रेषा आणि उजेड-सावलीचे ढोबळ भाग काढा, रंग सावलीत बसून भरा.

फोटोवरून रंग उचलणार असाल तर आणखी एक सांगते. मोबाइलचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग आपोआप जुळवणारी सोय, भिंतीचा तांबडेपणा कमी करून टाकतो. तो हाताने ‘डेलाइट’वर ठेवा, नाहीतर रॉ फोटो घ्या, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला, रंग नंतर बदलता येणारा. मी तर शेवटी रंग घेतला तो वाटेवरच्या जांभ्या दगडाच्या गडग्यावरून, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवरून. जवळ जाऊन बघा, एकाच चिऱ्यात वीट, हळद, गंज, मधूनच जांभळट छटा, आणि भोकांत अडकलेलं वाळकं शेवाळ. एका सपाट लाल रंगात तो येत नाही. मी तीन लेयर, म्हणजे एकावर एक थर, केले: खाली पिवळट, वर मल्टिप्लायमध्ये (यात खालचा रंग दिसत राहून गडद होतो) तांबडा, आणि भोकांसाठी खरखरीत ब्रश. माझ्याकडे टॅबलेटवर चित्र काढायचं प्रोक्रिएट हे अ‍ॅप आहे. संगणकावर काम करणाऱ्यांना क्रिता हे फुकटातलं चित्रकलेचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे.

रंग सुधारले तरी चित्र मनासारखं होईना. म्हणून दुसऱ्या दुपारी परत गेले आणि आत संग्रहालय बघत सावकाश फिरले. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. 1885 मध्ये इंग्रजांनी राज्य घेतलं आणि 1886 मध्ये त्याला इथे आणून ठेवलं. हा राजवाडा मात्र 1910 मध्ये तयार झाला आणि 1916 च्या डिसेंबरात राजा गेला. म्हणजे रत्नागिरीतल्या तीस वर्षांपैकी या भिंतींत जेमतेम सहा. विशीत आपली राजधानी मंडाले सोडलेला माणूस पन्नाशी ओलांडून या घरात राहायला आला! हे वाचलेलं होतं, पण खिडकीशी उभं राहिल्यावर पोटात कालवलं. तिथल्या पहारेकरी काकांनी मला आदल्या दिवशीही पाहिलं होतं. म्हणाले, “ताई, काल बाहेरून काढलंत ना? राजा आतून बाहेर बघायचा.”

साडेचारला ऊन तिरपं आत आलं आणि लाकडी नक्षीची सावली फरशीवर लांब पडली. तेवढंच काढायचं ठरवलं. खोली जवळजवळ काळी ठेवली, खिडकीची कमान, तिची सावली, आणि बाहेर उजेडाचा एक लहानसा तुकडा. राजवाड्याचा भव्यपणा त्यात कुठेच नाही. तरी मालिकेतलं मला पटलेलं चित्र ते एकच.

जाणाऱ्यांनी सोमवार टाळा, त्या दिवशी बंद असतो. दुपारी तीनला पोचा, कारण सूर्यास्ताआधीच बंद होतो. आत फोटो, तिवई चालेल का आणि वर कुठपर्यंत सोडतात, हे आधी काउंटरवर विचारा. हवा इतकी दमट की घामेजलेला तळवा स्क्रीनला चिकटतो, म्हणून हाताखाली सुती रुमाल ठेवा. टॅबलेट उन्हात तापला की आपोआप मंद होतो, त्याला कापडी पिशवीत सावलीला ठेवा. राजाची समाधीही गावातच आहे, तिच्यासाठी अर्धा तास काढा.

छापायचं असेल तर आधी सीएमवायके प्रूफ बघा, म्हणजे छपाईच्या चार शाईंत रंग कसे दिसतील याचा नमुना. समुद्राचा निळा आणि पावसानंतरचा हिरवा कागदावर हमखास मरतो. मी आधी एक लहान नमुना छापून घेतला. काळोख सगळा एकच झाला होता, खिडकीची चौकटही त्यात बुडाली होती. चौकट दोन छटा उजळ केली आणि पुन्हा छापायला दिली.