कडेची हजेरी

पाऊस सरला आणि कोजागिरी जवळ आली की आमच्या मंडळाचा मेळावा भरतो. मंडळ म्हटलं की पुण्यात पहिला प्रश्न येतो, "कुठला गणपती?" गणपती नाही हो, तण! रस्त्याच्या कडेला कुणी न लावता उगवतं ते. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई, शेतकी कॉलेजातले तणांचे सर, रस्ते बांधण्यात हयात घालवलेले इंजिनिअरसाहेब, त्वचारोगाचे एक डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी अशी ही मंडळी. मी यातली कुणीच नाही. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं मस्टर सांभाळलं, हजेरी घेता येते, म्हणून चिटणीस.

हजेरीचा विषय निघालाच आहे तर मनातलं सांगून टाकते. जुलैत वृक्षारोपण ठेवलं की फोटोत मावत नाहीत एवढी माणसं येतात. ऑगस्टमध्ये गाजर गवत उपटायला बोलावलं की अकरा, त्यातले दोघं चहाच्या वेळेला. मेळाव्यालाही काही सभासद बरोब्बर मसाला दूध आटत आलं की उगवतात. कोण ते माझ्या वहीत आहे.

दीपप्रज्वलन, स्वागत, अहवाल हे सगळीकडे असतं तसंच. पाहुण्यांना आम्ही पुष्पगुच्छाऐवजी रोप देतो. एका वर्षी घाईत आणलेलं रोप निघालं गिरिपुष्पाचं. हे झाड मूळचं मध्य अमेरिकेकडचं, पुण्याच्या टेकड्यांवर लावून लावून आधीच उदंड झालेलं. बाईंनी टाळ्या चालू असतानाच ते पाहुण्यांच्या हातातून काढून घेतलं. पाहुण्यांना वाटलं, आपलं काहीतरी चुकलं.

मग परिसंवाद, म्हणजे भांडण. इंजिनिअरसाहेबांचं म्हणणं असं की साइडपट्टीवर गवत माजलं की त्यात माती अडते, पट्टी डांबरापेक्षा उंच होते, पाणी रस्त्यावरच तुंबतं आणि डांबर उखडतं. बाई म्हणतात, गवतच नसेल तर उतारावरची माती धरणार कोण, तुमचं टेंडर? तणांचे सर दोघांच्या मध्ये बसतात. त्यांचा मुद्दा मला हळूहळू पटत गेला. सरसकट फवारणी केली की हरळीसुद्धा जळते, जमीन उघडी पडते, आणि उघड्या जमिनीवर पहिला ताबा गाजर गवताचा. त्याऐवजी टाकळा, तरोटा दाट येऊ दिला तर तो त्याला मान वर काढू देत नाही. २०२२ साली केंद्र सरकारने ग्लायफोसेट या तणनाशकाची फवारणी कीड-नियंत्रणाचा व्यवसाय करणाऱ्यांपुरतीच मर्यादित केली. त्यानंतरच्या मेळाव्यात हे भांडण इतकं रंगलं की दूध करपलं.

टाकळ्यावरून सांगते. आमच्या एक वहिनी दरवर्षी टाकळ्याच्या बिया भाजून, दळून त्यांची कॉफी आणतात. दरवर्षी सगळे पितात. दरवर्षी कुणीही दुसरा कप मागत नाही. तरी त्या आणतात, आणि आम्ही पितो.

मी मात्र वाट बघते ती हजेरीची. पाषाणकडच्या रस्त्याची एक किलोमीटरची कड आम्ही धरून ठेवली आहे. मेळाव्याच्या आदल्या रविवारी सगळे ती चालतात आणि काय काय उगवलंय ते टिपतात. मेळाव्यात बाई उभ्या राहतात, चष्मा वर सरकवतात आणि यादी वाचतात. ज्याने ते झाड पाहिलं असेल त्याने ओरडायचं, "हजर!"

आघाडा? हजर. कुर्डू? हजर. माका? हजर. पुनर्नवा? हजर. घाणेरी म्हटलं की पोरं हसत हसत "हजर" म्हणतात. दगडी पाल्याला सगळ्यांचाच आवाज चढतो, कारण लहानपणी गुडघा फुटल्यावर त्याचाच रस चोळलेला असतो. तोही अमेरिकेतूनच आलेला, असं बाई सांगतात तेव्हा जुन्या सभासदांचे चेहरे पडतात. नारिंगी कॉसमॉस मेक्सिकोचा. आता टेकड्या त्याने पेटल्यासारख्या दिसतात आणि लोक त्यात उभे राहून फोटो काढतात. बाई त्याचं नाव न थांबता वाचून पुढे जातात.

गाजर गवताला थांबावंच लागतं. ते शेवटी येतं आणि अख्खा हॉल एका सुरात "हजर" म्हणतो. पुण्याचा त्याच्याशी जुना संबंध आहे. देशात त्याचा फैलाव ठळकपणे नोंदला गेला तो इथेच, १९५५ साली. आयात गव्हातून आलं असं सांगतात. काँग्रेस गवत, चटकचांदणी, नावं भरपूर, पण गवत मुळी नव्हेच ते, सूर्यफुलाच्या कुळातलं. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं कार्यालय पुण्यात सुरू झालं तेही १९५५ सालीच. बाई म्हणतात, "मास्तर आणि वर्गातलं सगळ्यात द्वाड कार्टं एकाच वर्षी शाळेत आले."

चार वर्षांपूर्वी या हजेरीनंतर एक मुकादमबाई उठल्या. रस्त्याच्या साफसफाईच्या कामावरच्या. डॉक्टरांनी त्यांना आग्रहाने आणलं होतं आणि त्या मागच्या खुर्चीवर पदर सावरून बसल्या होत्या. माइक धरला तो आधी तोंडापासून हातभर लांब. म्हणाल्या, "सायेब, तुमी म्हंता फुलायच्या आदी उपटा. आमाला काम निघतं दिवाळीच्या तोंडाला. तवर त्येनं सगळं बी टाकलेलं आसतंय. मग आमी उपटतो का पेरतो?"

परिसंवादात ऐकलेलं सगळं या एका प्रश्नात होतं. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात गाजर गवत फुलायला लागतं, एकेका झाडाला हजारोंनी बी, आणि फुललेलं झाड ओढून नेलं की वाटभर सांडतं. हे आमच्या तक्त्यांत होतं. कामाची तारीख कोण ठरवतं हे मात्र कुठल्याच तक्त्यात नव्हतं. मग त्यांनी हात पुढे केले. ते उपटून उपटून कोपरापर्यंत कातडी जाड, काळवंडलेली, खाजवून चिरलेली. डॉक्टर माइकजवळ गेले नाहीत, सरळ त्यांच्यापाशी जाऊन हात बघत बसले. मला शब्दांनी सजवलेली भाषणं लक्षात राहत नाहीत. हे राहिलं.

आता आभार. नावं घालू नका, कामं लिहा, अशी मला सक्त ताकीद आहे, कारण एका वर्षी एक नाव राहिलं आणि त्या घरातून दोन वर्षं कुणी फिरकलं नाही. तर सतरंज्या देणारे, त्या स्वतः झाडून घालणारे (हे वेगळे), माइक उसना देणारे, तो दर वर्षी बिघडल्यावर दुरुस्त करणारे, यादीच्या झेरॉक्स फुकट काढून देणारे काका, नमुने वर्तमानपत्रात दाबून रोज कागद बदलणारी पोरंपोरी, बाईंना रिक्षातून आणणारे आणि भाडं न घेणारे, दूध ढवळणाऱ्या तिघी, करपलेलं पातेलं घासणारी चौथी, कॉफीवाल्या वहिनी, आणि चपला सांभाळणारे आजोबा. भुंग्यांचे फोटो काढणारा मुलगाही. गाजर गवताला आवर घालायला १९८४ साली बंगळुरात सोडलेला मेक्सिकन भुंगा आपल्याकडे पावसाळ्यात त्याची पानं खाताना दिसतो, थंडीत मातीत शिरतो. हो, आणि हातमोजे! मुकादमबाईंच्या गटाला दर जूनमध्ये हातमोजे पोचवणारे दोघं भाऊ. बघा, राहिलेच होते.

मागच्या वर्षी हजेरीत विष्णुक्रांतेचं नाव आलं. आमच्या कडेला पेव्हर ब्लॉक बसल्यापासून तीन वर्षं तिला उत्तर नव्हतं. बाई तिचं नाव खोडू देत नाहीत. "रजेवर लिहा," म्हणतात, आणि मी लिहिते. त्याही वेळी त्यांनी नाव वाचलं, थोडं थांबल्या आणि पुढच्या नावाकडे वळल्या.

"ती निळी बारकी ना?" मागून आवाज आला. मुकादमबाई. "हाय की. खांबाजवळ ब्लॉकच्या फटीत. सकाळी बगायला जावा, दुपारी मिटती. मी काडली न्हाई तिला."

बाईंनी चष्मा काढला. इंजिनिअरसाहेब म्हणाले की फटीत मूळ गेलं तर ब्लॉक उचलला जातो. कुणी ऐकलं नाही. मी आधीची तीन वर्षं तशीच ठेवून नव्या रकान्यात 'ह' लिहिला, आणि दूध उतरवलं.