भीमाकाठची नोंदवही : दौंड ते पळसदेव, आणि उजनीचे उणे टक्के

मंडळी, आमच्या भीमाकाठच्या भटकंतीतला मधला टप्पा या हंगामात बराचसा उरकला, म्हणून नोंदी एकत्र करून टाकतेय. मूळ बेत असा : पुण्याच्या पूर्वेला भीमेच्या काठाकाठानं जात एक जुनं ठिकाण आणि एक पाखरांचं किंवा हरणांचं ठिकाण अशा जोड्या लावायच्या. तुळापूरला सुरुवात, नीरा नरसिंहपूरला शेवट. मावसभाऊ गड-देवळांचा, मी पक्ष्यांची. एकाच गाडीत दोघांची हौस भागते आणि डिझेलवरून भांडण होत नाही.

नव्यानं सुरू करणाऱ्यांना एकच सांगेन. भिगवणला, म्हणजे उजनी धरणाच्या पाण्याकाठच्या पाखरांच्या ठिकाणी, कधी जायचं, हे महिना बघून ठरवू नका. उजनीची पातळी बघा.

उजनीचा हिशोब इतर धरणांसारखा नाही. एकूण साठा 117 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास, पण त्यातला 63 टीएमसीहून जास्त मृतसाठा. उपयुक्त म्हणून मोजतात तो साधारण 53. वर्तमानपत्रात येणारी टक्केवारी फक्त या 53 ची असते. त्यामुळे ‘उजनी शून्यावर’ असं छापून आलं तरी धरणात अर्ध्याहून जास्त पाणी असतं, आणि त्याखाली गेलं की ‘उणे’ टक्के सुरू होतात. पुण्यातल्या माणसाला हे उणे प्रकरण आधी छापखान्याची चूक वाटतं. पूर्ण संचय पातळी 496.83 मीटर, उपयुक्त साठा संपतो ती 491.03. म्हणजे सारा खेळ सहा मीटरहून कमी उंचीचा. आणि जलाशय इतका उथळ, पसरट, की हातभर पाणी उतरलं तरी काठ कुठच्या कुठे सरकतो. तो काठ जिथे सरकतो तिथे चिखल उघडा पडतो, आणि चिखल उघडा पडला की पाखरं येतात. आणखी खाली गेलं की देवळं वर येतात. माझं वेळापत्रक आणि भावाचं वेळापत्रक एकाच आकड्यावर चालतं हे कळल्यापासून घरात शांतता आहे.

कुंभारगाव

भिगवणजवळचं गाव, सोलापूर रस्त्यानं पुण्यापासून शंभरेक किलोमीटर. पहाटे निघून उजाडायला होडीत असलं पाहिजे, उशीर झाला की ऊन आणि वारा दोन्ही सुरू होतात. पहिल्या खेपेला धरण चांगलं भरलेलं होतं. बदकं भरपूर : थापट्या, तलवार बदक, हळदी-कुंकू, चक्रवाकांच्या जोड्या. दूर पट्टकादंबांचा थवा, हिमालय ओलांडून आलेला. रोहित (फ्लेमिंगो) मात्र नाममात्र. होडीवाले दादा म्हणाले, “ताई, पाणी लई हाय अजून. त्यांचं पाय टेकत न्हाईत.” दादांचं घराणं मासेमारीचं, आता जाळं आणि दुर्बीण दोन्ही एकाच होडीत असतं आणि पक्ष्यांची इंग्रजी नावं आपल्यापेक्षा त्यांना जास्त पाठ.

पाणी उतरल्यावर पुन्हा गेलो तेव्हा रोहितांनी उथळ पट्टा भरून गेला होता. दादांनी इंजिन लांबच बंद केलं आणि बांबूनं होडी ढकलत नेली. मग मी बराच वेळ एकाच पक्ष्याकडे बघत बसले. मान खाली घालून चोच उलटी पाण्यात, म्हणजे वरची बाजू खाली. पाय जागच्या जागी नाचवत तो चिखल ढवळतो, एवढ्याशा वर्तुळात फिरतो, आणि जीभ आतबाहेर करत पाणी चोचीत ओढून कडेच्या बारीक पट्ट्यांतून गाळून बाहेर टाकतो. आत राहतं ते शेवाळ, किडे, बारीक कवचधारी जीव. अंगाचा गुलाबी रंग याच खाण्यातून येतो. थव्यात मळकट राखाडी दिसतात ती यंदाची-गेल्या वर्षीची पिल्लं, त्यांना ‘वेगळी जात’ म्हणून वहीत चढवू नका.

तेवढ्यात दुसरी एक होडी थेट थव्यात घुसली. लांब लेन्सा लावलेल्यांना उडतानाचे फोटो हवे होते. थवा उठला, फोटो मिळाले असतील. पण खाणं सोडून उडायला लावलेला पक्षी पुन्हा स्थिरावेपर्यंत सकाळचा खाण्याचा वेळ गेला. होडी ठरवतानाच सांगावं, की उडवायचं नाही. होडीवाले ऐकतात, त्यांना वाटतं गिऱ्हाइकाला तेच हवंय.

एक कडवट गोष्टही लिहून ठेवते. आपल्या मुळा-मुठेचं पाणी रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळतं आणि पुढे इथेच येऊन साठतं. पुण्याच्या मोऱ्यांतून जे वाहतं ते या पाण्याला खत पुरवतं. शेवाळ, जलपर्णी, चिखलातले किडे सगळं त्यावर पोसतं, आणि पाखरांची गर्दीही थोडीफार त्याच हिशोबातली. पुण्याबाहेर कवडीपाटला मुळा-मुठेवरचा फेस बघून नाक मुरडणाऱ्यांनी भिगवणला ‘काय निसर्ग आहे’ म्हणताना हे आठवावं. मी दोन्ही करते.

जेवण : चिलापी तळलेली, ज्वारीची भाकरी, ठेचा. याबद्दल जास्त लिहीत नाही, नाहीतर पक्षी राहतील बाजूला.

डिकसळचा पूल

पुणे-सोलापूर रेल्वे 1860 च्या सुमारास सुरू झाली त्या वेळचा भीमेवरचा दगडी पूल. धरणामुळे रेल्वेमार्ग हलवला, पूल मागे राहिला आणि पुढे मोटारी त्यावरून जाऊ लागल्या. आता थकलाय. लांबून, काठावरूनच बघावा. कमानींखाली भिंगऱ्यांची लगबग आणि तारेवर कैकर, एवढी माझी नोंद. भावानं दगडांच्या सांध्यांचे फोटो काढण्यात तास घालवला.

पळसदेव

ही जागा भावाच्या यादीत पहिल्यापासून वर होती. पळसनाथाचं जुनं देऊळ धरणाच्या पाण्यात गेलं, गाव उठून महामार्गालगत वसलं. पाणी वर असताना काहीच दिसत नाही किंवा शिखराचं टोक तेवढं. 2024 च्या उन्हाळ्यात साठा उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेला होता तेव्हा लोक कोरड्या पायांनी देवळात फिरून आले. आम्ही गेलो तेव्हा जोतं अजून पाण्यात होतं, म्हणून होडीनं प्रदक्षिणा.

खाली दगड, वर विटा-चुन्याचं शिखर. वर्षाचे बरेच महिने पाण्याखाली राहून, दरवर्षी भिजून-वाळून ते अजून उभं आहे याचं नवल वाटतं. होडी भिंतीला लागली तेव्हा हात लावून पाहिलं : दगडावर आडव्या मातकट रेघा, एकाखाली एक, पाणी जिथे जिथे थांबलं होतं तिथे तिथे. सांध्यांमध्ये शिंपले आणि गोगलगायींची रिकामी घरं गच्च बसलेली, एका कोरीव वेलीच्या खाचेत माशांच्या जाळ्याचा निळा दोरा. वर पाणकावळे पंख पसरून बसलेले, आणि नदी सुरय आमच्या डोक्यावरून ओरडत घिरट्या घालत होते, म्हणून दादांना होडी लगेच मागे घ्यायला सांगितली. उघड्या पडलेल्या बेटांवर सुरय जमिनीवरच अंडी घालतात. ज्यांना उन्हाळ्यात चालत जायचं आहे त्यांनी पाय बघून टाका.

पेडगाव

नदीच्या वरच्या अंगाला, दौंडजवळ, पण पलीकडच्या काठावर, म्हणजे जिल्हा अहिल्यानगर, तालुका श्रीगोंदा. बहादूरगड हा भुईकोट. मोगल सरदार बहादूरखान कोकलताश याचा इथे तळ असे, नाव त्याच्यावरून. संगमेश्वर इथे पकडल्यावर संभाजी महाराजांना फेब्रुवारी 1689 मध्ये औरंगजेबापुढे आणलं ते इथेच. त्यामुळे आता धर्मवीरगड म्हणतात. त्यानंतर महिन्याभरात, 11 मार्चला, तुळापूर-वढूच्या परिसरात त्यांची हत्या झाली. आमची सुरुवात तुळापूरला झाली होती. नकाशावर दोन्ही ठिकाणं एकाच नदीवर आहेत हे माहीत असून काठानं येताना ते वेगळंच लागतं. भाऊ बराच वेळ बोलला नाही.

आतली देवळं किल्ल्याहून कितीतरी जुनी. लक्ष्मीनारायणाचं यादवकालीन देऊळ बघायला दुपार अपुरी पडते. तिरप्या उन्हात जा, कोरीव काम उठून दिसतं. नदीकडच्या तटावर हत्तीमोट आहे : हत्ती जुंपून भीमेचं पाणी वर खेचायचं आणि खापरी नळांनी आत फिरवायचं. तिथे उभं राहून खाली बघितलं की नदी किती खोल आहे आणि मोट किती मोठी असेल याचा अंदाज येतो. तटाच्या फटीत पिंगळ्यांची जोडी होती, तेव्हा माझीही दुपार वसूल.

परतताना सिद्धटेक. अहिल्याबाईंनी बांधलेलं देऊळ, उजव्या सोंडेचा गणपती, पायऱ्या उतरल्या की भीमा. गर्दी होती, दर्शन घेऊन निघालो.

सुपे

मयूरेश्वर अभयारण्य, मोरगावच्या वाटेवर. 1997 मध्ये जाहीर झालेलं, जेमतेम 5.14 चौरस किलोमीटरचं, चिंकाऱ्यांसाठी. इथे धरणाचा काही संबंध नाही, पाऊस झाला की नाही एवढंच बघायचं. चिंकारा काळवीटासारखा आरडाओरडा करून दिसत नाही. बाभळीखाली मातीच्याच रंगाचं काहीतरी असतं आणि त्याची काळी शेपटी सारखी हलत असते, शेपटीनंच तो सापडतो. माद्यांनाही शिंगं असतात, बारीक, सरळ. माळटिटव्या, चंडोल, धाविक मिळाले. ‘ओसाड माळ’ म्हणून झाडं लावायला निघणाऱ्या हौशी मंडळींना एकदा इथे आणून उभं करायला हवं. गवत हेच इथलं जंगल आहे.

राहिलेलं

रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य : कर्जत तालुक्यात, 2.17 चौरस किलोमीटर, खरं तर सिद्धटेकच्या फेरीतच बसतं, पण पेडगावात वेळ गेला. पाऊस संपल्यावर, गवत हिरवं असताना जाणार. कडबनवाडीचा माळ, लांडगा आणि खोकडासाठी. तिथे वनखात्याची सफारी आधी नोंदवावी लागते. इंदापूरची मालोजीराजांची गढी भावाच्या वाट्याला.

आणि नीरा नरसिंहपूर. ते धरणाच्या खालच्या अंगाला, त्यामुळे तिथे उजनीचा टक्का कामाचा नाही. भीमेत उजनीतून आणि नीरेत वीर धरणातून किती विसर्ग चाललाय ते बघून निघावं लागेल. पावसाळ्याच्या तोंडी कुणी संगमाच्या घाटावर जाऊन आलं असेल तर पाणी पायऱ्यांवर कुठपर्यंत होतं तेवढं कळवा, म्हणजे भाऊ आणि मी रविवार ठरवतो.