याकिमावरचा स्क्वाला: नदी नंतर, आधी काठ बघा

मार्च लागला की सिएटलमधल्या फ्लाय फिशिंगवाल्या (म्हणजे हूकवर बांधलेल्या खोट्या किड्याने, फ्लायने, ट्राउट मासे पकडणाऱ्या) लोकांचं एकच सुरू होतं, स्क्वाला दिसला का, पाणी किती डिग्रीवर आलं, नदीच्या कॅन्यनमध्ये, म्हणजे खोल घळीत, वारा किती आहे. आपल्या मराठी ग्रुपमधलं कोणी ना कोणी मला विचारतंच की एवढ्या थंडीत नदीत उभं राहून काय मिळतं तुला, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

स्क्वाला हा स्टोनफ्लाय जातीचा किडा. साधारण इंचभराचा, मळकट ऑलिव्ह रंगाचा, पंख पाठीवर सपाट मिटून बसतो. पंख फुटायच्या आधीचा त्याचा निम्फ नदीच्या तळाला दगडांखाली वाढतो, दोन शेपट्या असतात, आणि त्याला पाणी थंड, वाहतं आणि भरपूर ऑक्सिजनवालं लागतं. पाणी घाण झालं की सगळ्यात आधी गायब होणाऱ्यांत स्टोनफ्लाय असतात, त्यामुळे नदीची तब्येत बघणारे लोक दगड उलटून आधी यांनाच शोधतात. (आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांतही स्टोनफ्लाय आहेत बरं का, फक्त तिथे ट्राउट नाही, त्यामुळे त्यांच्या मागे कोणी लागत नाही.)

तर याकिमा नदी. सिएटलहून स्नोक्वाल्मी पास ओलांडला, एलेन्सबर्गला पोचलं की हवाच बदलते. अलीकडे पाऊस, धुकं, हिरवंगार, आणि पलीकडे कोरडं ऊन आणि सेजब्रशची झुडपं, अगदी महाबळेश्वर उतरून वाईच्या पुढे गेल्यासारखं. एलेन्सबर्गवरून सीलाकडे जाणारा ८२१ नंबरचा रस्ता कॅन्यनमधून नदीच्या कडेकडेने जातो आणि दोन्ही बाजूंना काळे कडे. हे कडे बेसाल्टचे, म्हणजे आपल्या दख्खनच्या पठारासारखेच लाव्हाचे, फक्त वयाने बरेच लहान, साधारण दीड-पावणेदोन कोटी वर्षांचे, आपला दख्खन साडेसहा कोटींच्या घरात. मला तिथे पहिल्यापासून परकं वाटलं नाही त्याचं कारण हेच असावं.

आता मुद्दा. लोक व्हिडिओ बघून येतात आणि त्यांना वाटतं की हॅच (किडे पंख फुटून बाहेर पडायची वेळ) म्हणजे नदीवर किड्यांचे ढग आणि मासे नुसते उड्या मारतायत. मेफ्लाय नावाच्या दुसऱ्या किड्याचं तसं होऊ शकतं, कारण मेफ्लाय पाण्यातच वर येतो, तिथेच कात टाकतो आणि पंख सुकेपर्यंत तरंगत राहतो, माशांना आयतं ताट. स्क्वालाचं तसं नाही. पाणी ६-७ डिग्री सेल्सियसच्या आसपास आलं की निम्फ तळावरून चालत चालत काठाकडे सरकतात, दगडावर नाहीतर फांदीवर चढतात आणि तिथे जमिनीवर कात टाकतात. म्हणजे नदीच्या मधोमध बघत बसलात तर दिवसभर एक किडा दिसणार नाही आणि तुम्ही म्हणाल आज काहीच नाही, चला घरी. पण काठाचा एखादा दगड उलटा, विलोच्या बुंध्याशी वाका, रिकामी टरफलं चिकटलेली दिसतील, कधीकधी ऊन खात बसलेला जिवंत किडाही. बऱ्याच नरांचे पंख एवढे खुरटे असतात की उडायचा प्रश्नच नाही, ते आपले चालतच फिरतात.

मग माशाला तो मिळतो कधी? एक, निम्फ काठाकडे येताना प्रवाहात सुटतो तेव्हा. आणि दोन, दुपारी ऊन चढल्यावर माद्या अंडी घालायला परत पाण्यावर येतात तेव्हा, किंवा वाऱ्याने ढकलल्या जातात तेव्हा. म्हणून पहाटे उठून धावायची काही गरज नाही, निवांत पोहे खाऊन निघा. सकाळी तळाशी निम्फची नक्कल असलेली फ्लाय चालवायची, रबरी पायांची काळपट तपकिरी, आणि दुपारी साधारण एक ते चारमध्ये ८ किंवा १० नंबरच्या हूकची ऑलिव्ह ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी. मी बहुतेक वेळा ड्राय फ्लायखाली एक छोटा निम्फ बांधते, दोन्ही कामं एकदम होतात.

टाकायचं कुठे तर काठाला लागून, म्हणजे खरंच लागून, हातभर अंतरावर, जिथे पाणी चालण्याच्या वेगाने सरकतंय आणि वर एखादी फांदी आहे. थंड पाण्यात मासा आळशी असतो, लांब पाठलाग करत नाही, त्यामुळे फ्लाय त्याच्या तोंडासमोरून कसलाही ड्रॅग (लाइनची ओढ) न होता वाहत जायला पाहिजे. लाइनला मेंड मारा, म्हणजे पाण्यावरची लाइन उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाका, मग परत मारा. आणि घेतो तेव्हा धप्पकन वगैरे काही नाही, नुसतं नाक वर येतं आणि फ्लाय दिसेनाशी होते. उत्साहात लगेच दांडी ओढलीत तर गेला, जरा दम धरायचा.

याकिमाची अजून एक गंमत आहे. वर कीचेलस, काचेस, क्ले एलम ही धरणं, आणि खाली सफरचंदाच्या बागा न् हॉप्सची शेती. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात, जेव्हा बाकीच्या नद्या आटतात, तेव्हा ही शेतीच्या पाण्याने फुगून वाहते आणि काठावरून चालत फिशिंग करणं अवघड होतं. लवकर वसंतात धरणं भरायचं काम चालू असतं, पाणी त्यामानाने कमी, उथळ पट्टे चालत गाठता येतात. म्हणजे बोट नसलेल्या माझ्यासारखीला स्क्वालाचे दिवस हेच खरे सोयीचे. फक्त वरचा बर्फ अचानक वितळला किंवा गरम पाऊस पडला तर एका रात्रीत नदी चहाच्या रंगाची होते, म्हणून निघायच्या आधी फ्लो (नदीला पाणी किती आहे ते) बघितल्याशिवाय गाडी काढू नका.

हेच दिवस रेनबो ट्राउटच्या अंडी घालायचेही असतात. उथळ पाण्यात बारीक खडीचा एखादा तुकडा आजूबाजूपेक्षा उजळ, घासून धुतल्यासारखा दिसला तर त्यावर पाय ठेवायचा नाही, आणि तिथे जोडीने असलेल्या माशावर फ्लाय टाकायची नाही. टाकणारे टाकतात, मला ते अजिबात आवडत नाही. रोझा धरणाच्या वरच्या या पट्ट्यात ट्राउट पकडून सोडायचाच असा नियम १९९० पासून आहे, प्रत्येक फ्लायला हूक एकाच टोकाचा आणि तोही बार्बलेस, म्हणजे टोकाशी उलटा काटा नसलेला. कोकणातल्या मावशीला हे फोनवर सांगितलं तर तिने शांतपणे विचारलं, मग कालवणाचं काय?

जायचं असेल तर उमटॅनमच्या झुलत्या पुलापाशी गाडी लावून सुरुवात करा, कड्यांवर बिगहॉर्न मेंढ्या दिसल्या तर बोनस. पलीकडच्या काठाने रेल्वे आहे, रुळांवरून चालायचं नाही. घरी आल्यावर कपड्यांवर गोचीड आहे का ते बघा, वसंतात सेजब्रशमध्ये असतात. आणि वॉशिंग्टनचं वर्षाचं फिशिंग लायसन्स ३१ मार्चला संपतं, तुम्ही ते कधीही काढलेलं असो, आणि स्क्वाला तर एप्रिलमध्येही चालूच असतो, त्यामुळे नवीन आधीच काढून ठेवा.