विचारल्याशिवाय फोटो नाही: हॅम्बुर्गचं हॅकर संमेलन

जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या मुख्य स्टेशनवरून एस-बान, म्हणजे तिथली लोकल, पकडली की पुढचंच स्टेशन डामटोर. बाहेर पडल्यावर शेजारीच सीसीएच, शहराचं भलंमोठं काँग्रेस सेंटर. डिसेंबरअखेरीस इथे चारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे मी पोहोचले तेव्हा इमारतीतले रंगीत दिवे लांबूनच दिसत होते. २७ ते ३० डिसेंबर २०२३, सदतिसावी केऑस कम्युनिकेशन काँग्रेस, म्हणजे हॅकर मंडळींचं संमेलन. कोविडमुळे तीन वर्षं ती प्रत्यक्ष भरलीच नव्हती, आणि त्याआधीची तीन वर्षं लाइपझिगला गेली होती. हॅम्बुर्गला परतल्याचा आनंद दारातच ऐकू येत होता. जुनी मंडळी एकमेकांना कडकडून भेटत होती.

आत जाताना मनगटावर पट्टी बांधतात, बस्स. गळ्यात नावाचा बिल्ला नाही, कोणत्या कंपनीतून आलात ही चौकशी नाही. समोरच्याने सांगितलं तेच त्याचं नाव. आणि एक नियम सगळीकडे पाळला जातो: चौकटीत येणाऱ्या प्रत्येकाला विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. गर्दीचा फोटोसुद्धा नाही, कारण गर्दीतही माणसंच असतात. माझा फोन पिशवीतच राहिला. त्यामुळे या लेखासोबत छायाचित्रं नाहीत, आणि मला ते योग्यच वाटतं.

या नियमामागे मोठी परंपरा आहे. ही काँग्रेस भरवणारा हॅकरांचा केऑस कॉम्प्युटर क्लब १९८१ साली बर्लिनमध्ये सुरू झाला. १९८३च्या डिसेंबरात जर्मनीच्या घटना न्यायालयाने जनगणनेच्या खटल्यात सांगितलं, की आपल्याविषयीची माहिती कोणी, कशासाठी वापरायची हे ठरवण्याचा हक्क मुळात त्या व्यक्तीचा आहे. पुढच्याच वर्षी हॅम्बुर्गमध्ये पहिली काँग्रेस भरली. ‘सार्वजनिक माहिती वापरा, खासगी माहिती जपा’ हे क्लबचं तत्त्व इथे लहान मुलांनाही ठाऊक असतं. त्याच १९८४च्या नोव्हेंबरात क्लबच्या दोघांनी पोस्ट खात्याच्या बीटीएक्स या ऑनलाइन सेवेतून, हॅम्बुर्गच्या बचत बँकेच्या नावावर, स्वतःचंच सशुल्क पान रात्रभर पुन्हा पुन्हा उघडलं. सकाळपर्यंत सुमारे १,३५,००० मार्क (तेव्हाचं जर्मन चलन) क्लबच्या खात्यात जमा दिसत होते. ते त्यांनी ठेवून घेतले नाहीत, सगळा प्रकार जाहीर केला. सेवा सुरक्षित असल्याचं ग्वाही देऊन सांगितलं जात होतं, आणि ती ग्वाही खोटी होती एवढंच त्यांना दाखवायचं होतं.

माझ्या मनात घर करून राहिलं ते मात्र पोलंडच्या रेल्वेगाड्यांवरचं व्याख्यान. सभागृह खच्चून भरलं होतं. गोष्ट अशी: एका प्रादेशिक रेल्वेच्या गाड्या दहा लाख किलोमीटर धावल्यानंतरच्या मोठ्या दुरुस्तीसाठी एका स्वतंत्र कार्यशाळेत गेल्या. कामाची निविदा त्या कार्यशाळेने रीतसर जिंकलेली. सगळे भाग तपासले, जोडले, आणि गाडी जागची हलेना. संगणक म्हणतोय सगळं ठीक आहे, चाकांना मात्र वीजच मिळत नाही. हतबल झालेल्या कार्यशाळेने शेवटी ड्रॅगन सेक्टर या पोलिश हॅकर गटाला बोलावलं. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा माणसाला वाचता येणारा मूळ मजकूर, कोणी दिला नव्हता. नियंत्रक संगणकातला प्रोग्रॅम बाहेर काढून तो एकेक सूचना करत वाचावा लागला. त्यात काय सापडलं? गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या स्पर्धक कार्यशाळांचे जीपीएस अक्षांश-रेखांश. गाडी तिथे ठरावीक दिवस उभी राहिली की तिने बंद पडायचं. आणि चालकाच्या केबिनमधली बटणं विशिष्ट क्रमाने दाबली की कुलूप उघडायचं, ज्याची नोंद कुठल्याच माहितीपुस्तकात नव्हती. निर्मात्या कंपनीने हे सगळे आरोप फेटाळले आहेत आणि वाद न्यायालयात गेला. पण पडद्यावर ते अक्षांश-रेखांश उमटले तेव्हा सभागृहात जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तो मी विसरणार नाही.

गाडी जनतेच्या पैशांनी घेतलेली, रोज हजारो लोक तिने कामावर जाणार, आणि तिच्या आत काय लिहिलंय ते मालकालाच वाचता येऊ नये! मुक्त सॉफ्टवेअरची, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता-बदलता येतो त्याची, बाजू मी याआधीही मांडत आले, पण ती रूळांवर अडून बसलेल्या गाडीइतकी ठसठशीत मला कधी दिसली नव्हती. सुरक्षेचं काम करणाऱ्याने आधी हे विचारायला हवं, की मी राखण नेमकी कोणाची करतोय, वापरणाऱ्याची की विकणाऱ्याची?

खालच्या मजल्यांवर वेगळंच जग. कुलपं उघडायला शिकवणारी टेबलं, सोल्डरिंग करणारी (इलेक्ट्रॉनिक भागांना डाख देणारी) मुलं, घरचा जुना कॉर्डलेस फोन आणून संमेलनाच्या स्वतःच्या टेलिफोन जाळ्यात जोडणारे आजोबा. कुलपांच्या टेबलावरही पहिला धडा परवानगीचाच: दुसऱ्याचं कुलूप त्याला विचारल्याशिवाय उघडायचं नाही, आणि वापरातल्या कुलपाला हातच लावायचा नाही. तो धडा देऊन मगच टेबलावरच्या मुलीने माझ्या हातात कुलूप उघडायचा आकडा दिला.

हे सारं चालवतात स्वयंसेवक. त्यांना तिथे ‘एंजल’ म्हणतात, आणि आलेला कोणीही एंजल होऊ शकतो. मी सभागृहाच्या दारावर उभं राहून रिकाम्या खुर्च्या दाखवण्याचं काम घेतलं. शेजारच्या कक्षात जर्मन भाषणाचा इंग्रजी अनुवाद थेट चालू होता, तोही स्वयंसेवकांकडूनच. चित्रीकरणाचंही तसंच.

जायचं मनात असेल तर तिकिटाची तयारी शरद ऋतूपासूनच ठेवा. आधी क्लबच्या स्थानिक गटांमार्फत तिकीट खरेदीचे व्हाउचर वाटले जातात, आणि उरलेली तिकिटं खुल्या विक्रीत काही मिनिटांत संपतात. जाणं जमलं नाही तरी व्याख्यानं क्लबच्या मीडिया संकेतस्थळावर मोफत आहेत, बरीचशी इंग्रजी अनुवादासह. रेल्वेगाड्यांचं आधी बघा.