पक्ष्याचं नाव लिहायचं नाही

कॅनडातल्या व्हँकूव्हरला शिक्षक प्रशिक्षण सुरू झालं, तेव्हा पर्यावरणाच्या विषयाला पुस्तकच नाही हे मला फार खटकलं. आपल्याकडे पुस्तक असतं, प्रश्नसंच असतो, प्रकल्पाची फाइल असते. इथे हातात पडला एक कोरा कागद. मधोमध एक फुली, ती म्हणजे तुम्ही. अर्धा तास एका जागी बसायचं आणि जो आवाज ज्या दिशेने येईल तिकडे खूण करायची, जवळचा जवळ, लांबचा लांब. फोन पिशवीत. आवाजावरून पक्षी ओळखून देणारं मर्लिन ॲपही बंद. आणि वर नियम असा की पक्ष्याचं नाव लिहायचं नाही, माहीत असलं तरी.

मी शाळेत शिकवून मग इथे आलेली. मुलं पहिला प्रश्न कोणता विचारतात हे मला पक्कं ठाऊक आहे: "बाई, हा कोणता पक्षी?" त्याचं उत्तर बाईंकडे नसेल तर बाई शिकवणार काय? मी हे वर्गातच विचारलं. आमच्या प्रशिक्षक बाईंचं म्हणणं एवढंच होतं की नाव सापडलं की माणूस ऐकायचं थांबतो, म्हणून नाव उद्या. मला ते तेव्हा पटलं नाही. घरी आल्यावरही बराच वेळ चीड गेली नव्हती. ज्ञान कमी असलेल्यांना सोयीचा नियम आहे, असंच वाटत राहिलं.

मग आम्हाला स्टॅन्ली पार्कात नेऊन बसवलं. नावाने पार्क असला तरी शहराच्या टोकाला, तिन्ही बाजूंनी पाणी असलेलं ते जंगल आहे. सीडरचे प्रचंड बुंधे, खाली नेच्यांची दाटी, सगळीकडे ओल. पहिली काही मिनिटं फक्त स्वतःच्या जाकिटाची सळसळ ऐकू येते. मग लायन्स गेट पुलावरच्या वाहतुकीची अखंड घरघर कानात येते, आणि लक्षात येतं की ती आपण आलो तेव्हापासून चालूच होती. मग समुद्री विमान. इथे बंदरातूनच छोटी विमानं पाण्यावरून उडतात. आणि त्या सगळ्यात एक शीळ. एकाच पट्टीतला लांब, किंचित खरखरीत सूर, कोणी शिट्टी ओठांत धरून गुणगुणावं तसा. मोठा विराम. पुन्हा तसाच एक सूर, पण वेगळ्या पट्टीत. मी हे सगळं शब्दांत लिहून काढलं, कारण नाव लिहायची मुभा नव्हती.

विमान आलं की शीळ नाहीशी व्हायची. विमान गेलं की थोड्या वेळाने पुन्हा. पक्षी गप्प बसत होता की मलाच ऐकू येत नव्हतं, हे कागदावरून कळेना. मी त्या शिळेच्या जागी नुसतं "व्हेरीड थ्रश" हे पक्ष्याचं नाव लिहून मोकळी झाले असते, तर हा प्रश्न मला पडलाच नसता.

दुसऱ्या दिवशी नावं आली आणि त्यांच्यासोबत उत्तरंही आली. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात २००३ साली संशोधकांना दिसलं होतं की गोंगाटाच्या भागातले ग्रेट टिट नावाचे छोटे पक्षी वरच्या पट्टीत गातात, कारण वाहतुकीचा आवाज खालच्या पट्ट्या व्यापून टाकतो. २०२० च्या टाळेबंदीत सॅन फ्रान्सिस्को परिसरात रस्ते शांत झाले, तेव्हा तिथल्या पांढऱ्या डोक्याच्या चिमण्या हळू आवाजात आणि जास्त सुरेख गाऊ लागल्या. म्हणजे आपला हॉर्न पक्ष्याच्या गाण्यात शिरतो. पाठ टाचणात मी "ध्वनिप्रदूषणाचे दुष्परिणाम: बहिरेपणा, चिडचिड, रक्तदाब" असं किती वेळा लिहिलं असेल! सगळे परिणाम माणसावरचे.

अशा ऐकण्याच्या अभ्यासाची मुळं याच शहरात आहेत. रेमंड मरी शेफर नावाचे संगीतकार १९६० च्या दशकाच्या अखेरीस इथल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात शिकवत होते. "साउंडस्केप" हा शब्द रूढ केला तो मुख्यतः त्यांनी. एखाद्या जागेचं भूदृश्य असतं, तसं तिचं आवाजांचंही दृश्य असतं, ही ती कल्पना. त्यांच्या गटाने १९७३ मध्ये व्हँकूव्हरचे आवाज ध्वनिमुद्रित करून प्रसिद्ध केले. त्याच गटातल्या हिल्डेगार्ड वेस्टरकँप यांनी फक्त ऐकण्यासाठी चालायचं, बोलायचं नाही, हा साउंडवॉकचा परिपाठ पुढे नेला. पुढे अमेरिकेतल्या बर्नी क्रॉज यांनी आवाजांचे तीन गट केले: वारा-पाण्याचे, जिवांचे आणि माणसाचे.

क्रॉज यांचं एक काम प्रत्येक बी.एड्. कॉलेजात सांगितलं पाहिजे. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगरांत लिंकन मेडो नावाचं एक कुरण आहे. लाकूड कंपनीने गावकऱ्यांना सांगितलं, आम्ही सगळं जंगल तोडणार नाही, इथून-तिथून निवडक झाडंच काढू, पर्यावरणाला धक्का लागणार नाही. क्रॉज यांनी १९८८ मध्ये तोडीच्या आधी तिथली पहाट ध्वनिमुद्रित केली. वर्षभराने त्याच सुमारास, त्याच जागी पुन्हा. फोटोत कुरण जसंच्या तसं, हिरवंगार. पण ध्वनिमुद्रणात पक्ष्यांचा तो दाट कल्लोळ जवळजवळ गेलेला. ओढ्याचा आवाज आणि एका सुतार पक्ष्याची टकटक, एवढंच मुख्यतः उरलेलं. मुलांकडून आपण "हिरवा निसर्ग" रंगवून घेतो आणि शाबासकी देतो. हिरवं आहे म्हणजे ठीक आहे, ही समजूत शिक्षकाच्या मनातच इतकी घट्ट असते की ती मुलांपर्यंत आपोआप पोचते.

डोळ्यांचंही शिक्षण झालं, ते मात्र थोडक्यात सांगते. त्याच पार्कात जुने अजस्र खोडके आहेत आणि त्यांच्या बाजूला छातीच्या उंचीवर आडव्या खाचा. लाकूडतोडे त्या खाचांत फळी खोवून तिच्यावर उभं राहून करवत चालवायचे. खाच बोटांनी चाचपून पाहिली की "अस्पर्श जंगल" हा समज तिथेच संपतो. १८८८ मध्ये पार्क झाला, तेव्हा इथे मूळ रहिवाशांची वस्ती होती. त्यांच्या पिढ्यांनी साठवलेले शिंपल्यांचे ढीग खणून पार्काच्या रस्त्यासाठी वापरले आणि माणसांना नंतर तिथून हटवलं. हे सांगताना प्रशिक्षक बाईंनी काहीही लपवलं नाही, याचं मला मनापासून कौतुक वाटलं. अलीकडे एका पतंगाच्या अळ्यांनी इथली झाडं वाळवली. पार्क मंडळाच्या अंदाजाने सुमारे १,६०,००० झाडांना फटका बसला आणि २०२३ पासून तोड सुरू झाली. आमच्या काही जणांच्या कागदांवर यांत्रिक करवतीची खूण आहे ती त्यामुळे.

एका गोष्टीवर मात्र मी वाद घातला आणि आजही माझं मत तेच आहे. आवाजांच्या त्या कागदी नकाशात रंग भरताना बहुतेकांनी माणसाचे सगळे आवाज लाल केले. लाल म्हणजे वाईट. त्यात वाटेवरून हसत जाणाऱ्या मुलांचा आवाजही लाल! मी माझ्या कागदावर मुलांना हिरवा दिला आणि उठून कारण सांगितलं. शेतात बैलांना घातलेली हाळी किंवा ओढ्यावर धुणं बडवल्याचा आवाज पर्यावरणाबाहेरचा कसा? शांतता म्हणजेच निसर्ग, हे ज्यांच्याकडे जागा भरपूर आणि माणसं थोडी त्यांना परवडणारं मत आहे. आपल्याकडे पावशा ओरडला की शेतकरी "पेर्ते व्हा" ऐकतो. पक्ष्याचा आवाज, पाऊस आणि माणसाचं काम एका धाग्यात बांधणारं ते ऐकणं कोणत्याही विद्यापीठाच्या आधीचं आहे. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा सगळे पेन खाली ठेवून ऐकत होते. अभिमान वाटला, आणि तो का वाटू नये?

यंत्रांच्या आवाजाबद्दल मात्र इथलं गांभीर्य मान्य करावंच लागतं. या किनाऱ्यावरच्या दक्षिणेकडच्या ओर्का देवमाशांची संख्या ऐंशीच्याही खाली आहे. ते आवाजाच्या प्रतिध्वनीवरून चिनूक सामन मासे शोधतात, आणि जहाजांच्या घरघरीत तो प्रतिध्वनी बुडतो. म्हणून २०१७ पासून इथल्या हारो सामुद्रधुनीत दर हंगामात जहाजं स्वेच्छेने वेग कमी करतात.

आपल्याकडे नियमांची वाण नाही. पर्यावरण हा विषय शिकवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत शाळेभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्रात येऊ शकतात आणि तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. पण शाळेच्या फाटकाशी उभं राहून नुसतं ऐकणारे छात्राध्यापक मी तरी पाहिले नाहीत. वर्गात साठ मुलं, सराव पाठांची घाई, फाइल जमा करायची तारीख. त्यात दोष शिक्षकांचा नाही आणि तो त्यांच्यावर ढकलणाऱ्यांचा मला राग येतो. मला इथे वेळ मिळाला. तो मिळावा म्हणूनही मी आले, आणि ते बरोबरच केलं असं मला वाटतं.

तिकडे बी.एड्. करणाऱ्या किंवा शिकवणाऱ्या मैत्रिणींनो, याला परवानगी, निधी, सहल काही लागत नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्या तासाआधी अर्धा वर्ग मैदानात, अर्धा फाटकाशी बसवा. दहा मिनिटं पुरतात. फुली, खुणा, शब्दांत वर्णन. नावं दुसऱ्या दिवशी सांगा, पण नक्की सांगा, कारण मुलं विचारणारच. मग दोन्ही गटांचे कागद शेजारी ठेवून कोणते आवाज फक्त मैदानात आहेत ते त्यांनाच शोधू द्या. कागदावर तारीख, वेळ आणि बसायची नेमकी जागा लिहून घ्या आणि कागद जपून ठेवा. पुढच्या जूनमध्ये त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा बसायचं आहे.