इंजिन सगळ्यात सोपं होतं

गाडी १९९७ ची मारुती ८००. पांढरी, कार्ब्युरेटरवाली, चार गिअरची. मीटरवर २ लाख १४ हजार किलोमीटर; मधे बरेच महिने मीटरची केबल तुटलेलीच होती असं मामा स्वतः सांगतात, म्हणजे खरा आकडा त्याच्या पुढेच. मामा शिरोळ तालुक्यातले, ऊसवाले. कारखान्याचं बिल चांगलं आलं त्या वर्षी त्यांनी ती घेतली आणि पंचवीस वर्षं बाजार, लग्नं, दवाखाना, खताची पोती सगळं तिच्यावर केलं. २०२२ मध्ये नोंदणीची मुदत संपली तशी ती गोठ्याशेजारच्या शेडमध्ये गेली. दोन पावसाळे तिथेच. भंगारवाला भाव सांगून गेला होता. मी म्हटलं, मला द्या.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. पान्यांशी ओळख होती ती स्कूटरमुळे. पण राहतो कोल्हापुरात, आणि ज्या गावात शिवाजी उद्यमनगरासारखी इंजिनकामाच्या कारखान्यांची वसाहत आहे तिथे जुनं इंजिन घेऊन बसणाऱ्या माणसाला फार घाबरायचं कारण नसतं.

ही गाडी छंदासाठी निवडण्याला भावनेपलीकडचंही कारण आहे. मारुती ८०० डिसेंबर १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत बनत होती, आणि तिचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन ऑम्नीतही होतं. ऑम्नी तर २०१९ पर्यंत चालली. गिअरबॉक्स वेगळा, कारण ऑम्नीची मागची चाकं ओढतात आणि हिची पुढची. पण पिस्टन, रिंगा, बेअरिंग, वॉल्व्ह आजही काउंटरवर मिळतात. फक्त दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘कार्ब्युरेटर का एमपीएफआय?’, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळणारा जुना कार्ब्युरेटर की पेट्रोल फवारणारं इंजेक्शन, आणि त्याचं उत्तर पक्कं पाहिजे. काही नंतरच्या गाड्यांमध्ये बारा वॉल्व्हचं हेड आहे. त्याचं सामान सहा वॉल्व्हच्या इंजिनाला काहीही उपयोगाचं नाही.

गाडी ट्रॉलीवरून घरी आणली तेव्हा बघायला आलेल्या प्रत्येकानं एकच विचारलं, इंजिन कसं आहे. किलोमीटर ऐकून तर माना हलल्याच. ओळखीचे एक मिस्त्री आहेत, आयुष्यभर अॅम्बॅसेडर आणि जीपा खोललेले. ते आले, बॉनेटकडे बघितलंसुद्धा नाही. चटई उचलली, फ्लोअरवर अंगठा दाबला आणि म्हणाले, “इंजनाचं काय घेऊन बसलाय सर? ते लोखंड हाय, आपल्या हातातलं काम. ह्या पत्र्याचं काय करताय ते सांगा.”

पुढचे सगळे महिने त्या एका वाक्याचा पुरावा गोळा करण्यात गेले. किलोमीटरनं लोखंड झिजतं, आणि झिजलेलं लोखंड मोजता येतं, कापता येतं, बदलता येतं. वर्षांनी मात्र रबर आणि पत्रा जातो. ऐंशी हजार किलोमीटर चाललेली पण पंचवीस वर्षं उघड्यावर उभी राहिलेली गाडी कुणी स्वस्तात देऊ केली, तर मी ती घेणार नाही.

सुरुवात ब्रेकपासून केली. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, आणि गाडी उभी राहिली की ती ओल सिलिंडरच्या आत गंज धरते. मागच्या ड्रममधले दोन्ही व्हील सिलिंडर जाम होते. हातोडीनं ठोकूनही पिस्टन हलेना. ते नवेच टाकले. मास्टर सिलिंडरला किट, पुढच्या कॅलिपरला सील, आणि चाकांपाशी जाणारे रबरी होज सगळे नवे. जुना होज बाहेरून ठीक दिसतो पण आतून फुगून बंद होत जातो. मग पेडल सोडलं तरी चाक पकडूनच राहतं आणि माणूस उगाच कॅलिपरवर संशय घेत बसतो.

मग बाकीचं रबर. रेडिएटरचे होज, पेट्रोलचा पाइप, इंजिन माउंटिंग, सस्पेन्शनचे बुश, व्हॅक्यूमच्या नळ्या, दारांचं बीडिंग. एक्सलच्या जॉइंटवरचे रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर उडालं होतं आणि आत धूळ गेली होती. पूर्ण स्टिअरिंग वळवून निघालं की टक-टक आवाज यायचा, तो त्याचाच. बूट वेळेवर बदलला असता तर जॉइंट वाचला असता. टायरांची नक्षी जवळजवळ नवी होती, आणि मामांना वाटत होतं ते चालतील. टायरच्या कडेला चार आकड्यांचा शिक्का असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. आमच्यावर २३१४ होतं, म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. कडांना बारीक भेगा. चारही काढले. बारा इंची टायर आता प्रत्येक दुकानात नसतात, मागवून घ्यावे लागतात.

रबराच्या प्रकरणाला आमच्याकडे एक वेगळी गंमत आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. १९९७ च्या कार्ब्युरेटरमधली रबरं, डायफ्रॅम आणि पेट्रोलचे पाइप त्यासाठी बनलेले नव्हते. इथेनॉलनं ती फुगतात, मऊ पडतात, चिरतात. शिवाय इथेनॉल पाणी धरतं, त्यामुळे उभ्या गाडीच्या फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीत, पांढरट साका बसतो. म्हणजे ज्या उसाच्या बिलातून मामांनी गाडी घेतली, त्याच उसाची आसवनी आता तिच्या नळ्या खातेय. मामांना हे सांगितलं तर ते खूश झाले. “आपलाच माल हाय की!” मी इंजेक्शनच्या गाड्यांना वापरतात तो इंधनाचा पाइप लावला, कार्ब्युरेटरला पूर्ण किट टाकलं, आणि मिश्रण किंचित श्रीमंत केलं, म्हणजे त्यात पेट्रोल वाढवलं, कारण इथेनॉलमुळे तेच जेट पातळ मिश्रण देतात. गाडी आठवड्यातून एकदा तरी चालवायची, हाही त्यावरचाच उपाय.

पत्र्यावर मात्र मला सविस्तर लिहायलाच हवं, कारण वेळ आणि पैसा तिथेच गेला.

चटया आणि त्याखालचं डांबरी शीट खरवडून काढल्यावर ड्रायव्हरच्या पायाखालून जमीन दिसत होती. दोन्ही बाजूंना दारांखालच्या रनिंग बोर्डाच्या पोकळीत मातीचा चिखल वाळून दगड झालेला. कारण साधं होतं. दारांच्या तळाला आणि त्या पोकळीला पाणी बाहेर जायला छोटी भोकं असतात. ती शेतातल्या काळ्या मातीनं बुजली होती. आत गेलेलं पाणी आतच राहिलं आणि पत्रा आतून बाहेर कुजत आला. बाहेरून रंगाला फोड दिसेपर्यंत आतलं सगळं संपलेलं असतं. कुठला पत्रा जिवंत आणि कुठला मेलेला हे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत गेलं की आवाजावरून कळतं. चांगला पत्रा वाजतो, कुजलेला बद्द बोलतो.

दोन गॅरेजवाल्यांनी सल्ला दिला की वरून फायबर आणि पुटी मारू, डांबरी शीट टाकू, कळणारही नाही. ते खरंच आहे, कळत नाही. दोन वर्षांनी कळतं. शेवटी एक वयस्कर टिनकर, म्हणजे गाडीच्या पत्र्याचं काम करणारा, भेटला. त्यानं कुजलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढला, कागदावर आकार घेऊन नवा पत्रा वाकवला आणि थोडं थोडं थांबत वेल्डिंग केलं, म्हणजे पत्रा तापून वाकू नये. तो मला कामाजवळ उभं राहू देत होता, पण शिकवायला तयार नव्हता. जोडांवर सीलर, वर रेड ऑक्साइड, मग खालून अंडरकोटिंग. पोकळ्यांत मी स्वतः मेण मिसळलेलं तेल फवारलं आणि सगळी भोकं सायकलच्या स्पोकनं मोकळी केली. तो स्पोक आता गाडीच्या डिकीतच असतो.

आता इंजिन. उतरवण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते, मोजलं, आणि हे कुणीही टाळू नये. गेज स्वस्त मिळतो. पहिला सिलिंडर १५५ पीएसआय, दुसरा १५०, तिसरा ९०. मग प्रत्येक प्लगच्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजलं. पहिले दोन पंधरा-वीसनं चढले, तिसरा शंभरवर थांबला. ऑइलनं आकडा चढतो तेव्हा गळती रिंगांकडून असते, कारण ऑइल तिथे तात्पुरतं सील करतं. चढत नाही तेव्हा वॉल्व्हकडे बघायचं. हेड काढल्यावर तिसऱ्याचा एक्झॉस्ट वॉल्व्ह कडेला जळलेला निघाला. इंजिन उघडण्याआधीच निदान झालं होतं, त्यामुळे ‘साहेब सगळंच गेलंय’ या वाक्याला उत्तर तयार होतं.

जळण्याचं मूळ कुलिंगमध्ये होतं. कुणीतरी कधीतरी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप, काढून टाकला होता. आपल्याकडे हा उपाय फार लोकप्रिय आहे: गाडी तापते, थर्मोस्टॅट काढा. मग इंजिन बराच वेळ थंडच चालतं, चोक लांबतो, जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं आणि बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, झिजतो. तापण्याचं खरं कारण रेडिएटरमध्ये होतं, वर्षानुवर्षं घातलेल्या बोअरवेलच्या पाण्याचे क्षार नळ्यांत बसलेले. रेडिएटर नवा घेतला, थर्मोस्टॅट परत आला, आणि आता फक्त कुलंट.

उद्यमनगरात ब्लॉक, हेड आणि क्रँक घेऊन गेलो. तिथली पद्धत मला फार आवडली. बोअरिंगवाल्यानं गेज फिरवून माप सांगितलं आणि म्हणाला, आधी पिस्टन घेऊन या, मग हात लावतो. मूळ बोअर ६८.५ मिलीमीटर, अर्धा मिलीमीटर ओव्हरसाइझ पिस्टन आणले. त्यानं तिन्ही पिस्टन मायक्रोमीटरनं वेगवेगळे मोजले, ब्लॉकवर खडूनं नंबर टाकले आणि प्रत्येक बोअर त्याच्या-त्याच्या पिस्टनला कापला. शेवटी होनिंग, म्हणजे दगडानं घासणं, तिरक्या चौकडीच्या रेघा उमटतील असं, कारण त्या रेघांतच ऑइल टिकतं. शेजारच्या गाळ्यात हेडला फेसिंग, नवा वॉल्व्ह, सीट कापून लॅपिंग, म्हणजे वॉल्व्ह सीटवर घासून घट्ट बसवणं. वॉल्व्ह बसवून पोर्टमध्ये रॉकेल ओतून ठेवलं. खाली थेंब उतरला नाही. क्रँक एक साइझ ग्राइंड केला. हे सगळं चालत फिरण्याच्या अंतरात, आणि तारखेवर मिळालं. टिनकराकडे मात्र मी किती वेळा गेलो ते विचारू नका.

जोडणी घरी, पोर्चमध्ये. रिंगेचा गॅप बोअरमध्ये घालून फिलर गेजनं बघितला, बेअरिंगला ऑइल लावून कॅप आवळल्यावर प्रत्येक वेळी क्रँक हातानं फिरवून पाहिला, हेडचे बोल्ट मधून बाहेर अशा क्रमानं तीन टप्प्यांत टॉर्क रेंचनं आवळले. टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्रच नवे. वॉल्व्ह क्लिअरन्स थंड इंजिनावर ०.१५ मिलीमीटरच्या आसपास. चालू करण्याआधी प्लग काढून स्टार्टरवर फिरवलं, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावले आणि गाडीनं लगेच स्टार्ट घेतला.

पहिले पाचशे किलोमीटर एकाच वेगानं चालवली नाही; चढावर थोडा भार द्यायचा, उतारावर सोडायचं, म्हणजे रिंगा भिंतीवर बसतात. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदलला. काढलेल्या ऑइलमध्ये चमक होती, ती अपेक्षितच.

वायरिंगचं एकच सांगतो. दिवे मंद, स्टार्टर सुस्त, काटे थरथरणारे, या तिन्ही तक्रारी बॅटरी-इंजिन-बॉडीच्या गंजलेल्या अर्थिंगच्या होत्या. नवी जाड केबल, स्वच्छ घासलेला पत्रा, काम संपलं.

कागदपत्रांना वाटलं तितका त्रास झाला नाही. आधी मालकी माझ्या नावावर करायची म्हणून फॉर्म २९ आणि ३०, नोंदणी नूतनीकरणाला फॉर्म २५, पर्यावरण कर, उशिराचा दंड, विमा, पीयूसी. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीची नूतनीकरण फी ६०० वरून ५,००० रुपये झाली होती, तेवढी मी २०२४ मध्ये भरली. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ती १०,००० झाली. पाच वर्षांनी पुन्हा जायचंय, तेव्हाचा खर्च आतापासून धरून ठेवलाय. चासिस नंबरवर चिकटपट्टी लावून पेन्सिल घासून ठसा घ्यावा लागतो. नंबर गंजात बुजला असेल तर तपासणीच्या दिवशी तारांबळ उडते, म्हणून तो आधीच घासून स्वच्छ करावा. पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या बराच आत आला, याचा मला कॉम्प्रेशनच्या आकड्यांपेक्षा जास्त आनंद झाला. ते आकडे आता तिन्हीकडे १७० च्या वर आहेत.

एकूण हिशोबात पत्रा आणि रंग मिळून इंजिनाच्या जवळपास दुप्पट पडले. त्या पैशात वापरलेली बरी गाडी आली असती, हे बायकोनं आणि मी दोघांनी स्वतंत्रपणे काढलेलं उत्तर आहे. अर्थशास्त्राच्या मास्तरानं त्यावर काही बोलू नये.

आता दर पाच हजार किलोमीटरांनी ऑइल, दर पावसाळ्याआधी आणि नंतर स्पोक घेऊन भोकं, महिन्यातून एकदा खाली वाकून बूट आणि होज. मायलेज हायवेला अठराच्या आसपास मिळतं. आंबा घाट तिसऱ्या गिअरवर चढते, तापमानाचा काटा मध्यावर. दुसरा गिअर अजून थंडीत सकाळी कुरकुरतो, सिंक्रो, म्हणजे गिअर अलगद जुळवणारी कडी, झिजलाय. गिअरबॉक्स उतरवायचा तर त्याच खर्चात क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंगही बदलून घ्यायचं, आणि क्लच अजून उत्तम धरतोय. तोवर सकाळी पहिले दोन चौक दुसऱ्यात टाकताना अर्धा सेकंद थांबतो.