शिळा भात, कालचं वरण आणि हिवाळ्यातले सोले: एका वाडग्यातलं रात्रीचं जेवण

रात्री उशिरा स्वयंपाकाला लागायचं असलं की मी फ्रीज उघडून आधी एवढंच ठरवते, आज भात, वरण की भाकर? तिघांपैकी एकच. दोन चमचे मटकीची उसळ, कालची भेंडी, अर्धा आलू असं सगळं कढईत लोटलं की कशालाच स्वतःची चव उरत नाही. उरलेली भाजी एकच घ्यायची आणि तिच्या जोडीला एक ताजी.

उरलेलं अन्न शिजलेलंच असतं, ते फक्त वाफाळेपर्यंत गरम व्हायला हवं. त्यामुळे ते शेवटी. सगळा वेळ ताज्या भाजीला द्यायचा.

हिवाळ्यात नागपुरात कॉटन मार्केटपासून गोकुळपेठेपर्यंत तुरीच्या शेंगांचे ढीग लागतात, तेव्हा माझा भात ठरलेला असतो. दोघांसाठी दोन वाट्या शिळा भात, एक वाटी सोले (म्हणजे तुरीच्या शेंगांतले ओले दाणे), एक मध्यम वांगं, एक कांदा, एक टमाटर. जून सोले नुसत्या तेलात शिजत नाहीत, म्हणून ते आधी बुडेल एवढ्या पाण्यात झाकून दहा मिनिटं उकळते. बोटानं दाबल्यावर चेपला की झाला. तोवर वांग्याच्या बोटाच्या पेराएवढ्या फोडी मिठाच्या पाण्यात टाकून ठेवायच्या, नाहीतर काळ्या पडतात. तीन चमचे तेलात मोहरी, ठेचलेला लसूण, कांदा, मग निथळलेलं वांगं. वांगं मऊ झाल्याशिवाय टमाटर घालायचा नाही. आंबटानं भाजी लवकर शिजत नाही, फोडी दडस राहतात आणि मग गॅस वाढवून मसाला जळतो. चुक्याची भाजी घालायची असली तरी हाच नियम.

मग हळद, चमचाभर तिखट, सोले, मीठ आणि भात. फ्रीजमधला भात कडक होऊन त्याचे गोळे झालेले असतात. ते कढईत सराट्यानं फोडले तर शितं तुटतात, म्हणून आधीच ओल्या हातानं मोकळे करायचे. वरून दोन मोठे चमचे पाणी शिंपडून, झाकण ठेवून बारीक आचेवर तीन-चार मिनिटं. कडक झालेला दाणा वाफेनंच पुन्हा मऊ होतो, नुसतं परतत राहिलं तर कोरडा पडतो. मुळातच गिजगा झालेला भात असेल तर उलट करायचं: पाणी नाही, झाकण नाही, मोठी आच, आणि पसरून ठेवून कमीत कमी हलवायचा. वरून सांबार (कोथिंबीर) चिरून घातला की वाडगा तयार.

भाताच्या बाबतीत मी एका गोष्टीत हट्टी आहे. काही जिवाणूंचे बीजाणू भात शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम केल्यानं नाहीसं होत नाही. वास आला नाही म्हणजे भात चांगला, असं नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा रात्रीचा भात सकाळपर्यंत ओट्यावर ठेवायचा प्रश्नच नाही. जेवणं झाली की ताटात पातळ पसरून निववायचा, तासाभरात डब्यात घालून फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या रात्रीपर्यंत संपवायचा. एकदा गरम केलेला परत ठेवायचा नाही.

वरण असेल तर काम आणखी सोपं. थंड वरण घट्ट बसतं, त्यात वाटीला दीड वाटी कढत पाणी घालून गंजात (पातेल्यात) उकळी आणायची. त्यात कोहळ्याच्या (लाल भोपळ्याच्या) छोट्या फोडी सात-आठ मिनिटं शिजवायच्या, शेवटी मूठभर पालक. शिळ्या पोळीच्या पट्ट्या अगदी वाढायच्या आधी दोन मिनिटं; जास्त वेळ राहिल्या तर त्यांची लई होते. लसूण आणि लाल मिरचीची फोडणी वरून.

भाकर उरली असेल तर कुस्करून ताक शिंपडते आणि कांदा, पानकोबी मोठ्या आचेवर परतून त्यात घालते. इथे मीठ जपून. भाकरीत, ताकात आणि उरलेल्या भाजीत ते आधीच असतं, म्हणून चाखून मगच.

सावजी रस्सा उरला असेल तर त्याची मजा वेगळीच. थंड रश्शावर जमलेली तर्री, म्हणजे मसाल्याच्या तेलाचा तवंग, चमच्यानं काढून घ्यायची आणि भाताच्या फोडणीला तेलाऐवजी तीच वापरायची. आच मात्र बारीक, कारण तिच्यातला मसाला आधीच भाजलेला असतो आणि लगेच करपून कडू होतो. वरून तिखट अजिबात नाही. खालचा रस्सा पातळ करून वाडग्यात बाजूला ओतायचा. त्यात पाटवडी असेल तर ती आधी काढून ठेवायची, उकळीत ती फुटते.